मजुराची स्वतःची मोजणी : गोंडपिपरी परिसरातील हजेरीचा व मापाचा इतिहास

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील गोंडपिपरी तालुका वर्धा व वैनगंगा ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेला आहे. पुढे ह्या नद्यांचा संगम होऊन प्राणहिता वाहू लागते व पलीकडे तेलंगणाची हद्द लागते. भाताची शेती, जुने मालगुजारी तलाव आणि जंगल ह्या तिहींवर येथील भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांचा चरितार्थ चालत आला आहे. अशा कुटुंबातील स्त्रीपुरुषांच्या श्रमाचे माप वर्षभरात अनेक परींनी घेतले जाते. रोवणी-कापणीच्या दिवसांत ते रोजाने घेतले जाते. वैशाखात तेंदूच्या फळीवर पुड्याने घेतले जाते. आणि शेतीचे काम सरल्यावर रोजगार हमीच्या कामावर खोदलेल्या मातीने घेतले जाते. १ जानेवारी २०२३ पासून ह्यांत आणखी एका मापाची भर पडली. ते भ्रमणध्वनीतील छायाचित्राचे होय. ह्या मापांपैकी काही मजुरांस कडक असूनही न्याय्य वाटतात, आणि काही तशी कडक नसूनही अन्यायाची वाटतात, असे का व्हावे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

कामाची वाटणी, हजेरी, मोजदाद आणि दंड ह्यांविषयीचे निर्णय माणसाने समोरासमोर न घेता, आगाऊ लिहून ठेवलेल्या नियमांच्या मालिकेने यंत्राकरवी घेतले जाणे, ह्या प्रकारास अभ्यासकांनी ‘अल्गोरिदमचे व्यवस्थापन’ असे नाव दिले आहे. ही संज्ञा २०१५ मध्ये मिन क्युंग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील उबर व लिफ्ट ह्या कंपन्यांच्या वाहनचालकांविषयी लिहिताना रूढ केली. त्यामुळे हा विषय महानगरांचा, मुंबई-पुण्याच्या टॅक्सीचालकांचा व घरपोच माल पोचविणाऱ्या तरुणांचा आहे, अशी सर्वसाधारण समजूत झालेली दिसते. वस्तुतः महाराष्ट्रात खेड्यापाड्यांतील मातीकामाच्या मजुरास ह्या व्यवस्थापनाचा अनुभव त्याच काळात आलेला आहे. फरक इतकाच की, त्याच्या हाती यंत्र नसते. ते दुसऱ्याच्या हाती असते आणि त्याचा चेहरा तेवढा त्यात असतो.

आरंभी काही शब्दांकडे पाहणे अवश्य आहे. कारण श्रमाच्या मापाचा इतिहास मराठीने आपल्या शब्दांत पुष्कळसा जपून ठेवला आहे. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून प्राकृतातून आला; त्याच अर्थाचा ‘बेगार’ फारसीतून आला. ‘रोज’ म्हणजे फारसीत दिवस. त्यावरून रोजंदारी, रोजी व रोजगार. ‘हजेरी’ अरबी ‘हाजिर’वरून आली, आणि ‘मुकादम’ म्हणजे मुळात पुढे ठेवलेला, अग्रभागी असलेला. ‘मस्टर’ इंग्रजीतून आला, परंतु त्याचे मूळ लॅटिनमधील ‘दाखविणे’ ह्या अर्थाच्या धातूत आहे. मस्टर म्हणजे स्वतःस दाखविण्याची जागा. ‘अल्गोरिदम’ हा शब्दही ह्याच पंक्तीतला आहे. नवव्या शतकात बगदाद येथे राहून भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या अल्-ख्वारिज्मी ह्या गणितज्ञाच्या नावाच्या लॅटिन रूपापासून तो बनला. म्हणजे ज्या विधीने आज मजुराची गणना होते त्याच्या नावात भारतीय अंकांची स्मृती आहे. हा योगायोग मनोरंजक असला तरी त्याने मजुराचे काही साधत नाही.

अधिक महत्त्वाचे असे आणखी दोन शब्द आहेत. ‘दाद’ म्हणजे फारसीत न्याय. मराठीत मात्र आपण दाद ‘मागतो’, ती ‘लागते’ किंवा ‘लागू दिली जात नाही’. म्हणजे न्याय ही वस्तू नसून कोणाकडे तरी जाऊन घडवून आणावयाची क्रिया आहे, असे ह्या क्रियापदांवरून दिसते. दुसरा शब्द ‘हुज्जत’. मराठीत तो हलक्या अर्थाने, तंटेखोरपणा ह्या अर्थाने, वापरतात. अरबीत त्याचा अर्थ पुरावा, प्रमाण असा आहे. ज्याच्याजवळ काही प्रमाण असते तोच हुज्जत घालू शकतो, हा मूळचा आशय मराठी वापरात लोपला. तथापि कामाच्या जागेवर तो अद्याप जिवंत आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम तेंदूची फळी घेऊ. वसंताच्या अखेरीस, एप्रिल-मे महिन्यांत, नवी कोवळी पाने आली की हा हंगाम जेमतेम दोनतीन आठवडे चालतो. पहाटे जंगलात जावयाचे, ऊन चढण्याच्या आत पाने तोडून घरी यावयाचे, दुपारी घरातील लहानथोरांनी मिळून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे, आणि संध्याकाळी ते फळीवर नेऊन द्यावयाचे. काही ठिकाणी फळीला फडही म्हणतात. मोकळ्या मैदानावर पुडे ओळीने मांडले जातात, मुन्शी ओळी मोजतो, मधूनच एखादा पुडा उचलून पाने पुरी आहेत की नाहीत, किडकी वा जून आहेत काय हे पाहतो, आणि संख्या कार्डावर लिहितो. हजार पुड्यांचे एक प्रमाण पोते धरले जाते. १९६९ च्या महाराष्ट्र वन-उत्पादन (व्यापार विनियमन) कायद्याने तेंदूचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला; परंतु फळीवरच्या मोजणीची रीत तीच राहिली.

ही मोजणी सचोटीची होती असे कोणी म्हणणार नाही. शेकड्यामागे काही पुडे जास्तीचे घेणे, चांगले पुडे खराब म्हणून बाजूस काढणे आणि मागाहून तेही पोत्यांत भरणे, ह्या मध्य भारतातील तेंदूमजुरांच्या जुन्या तक्रारी आहेत. १९८० नंतर चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलात मजुरीच्या दरावरून जो प्रखर संघर्ष झाला, त्याच्या मुळाशी हा असंतोषही होताच. येथे एक भेद मात्र लक्षात घेतला पाहिजे. फळीवर येणाऱ्या बाईस आपण किती पुडे आणले हे मुन्शीच्या आधी ठाऊक असते. तिने ते स्वतःच्या हाताने बांधलेले असतात, घरून निघताना मोजलेले असतात, आणि मुन्शी मोजीत असता शेजारच्या चार बायका ते पाहत असतात. मुन्शीने कमी आकडा सांगितला तर तिच्याजवळ प्रति-आकडा तयार असतो. तिचे म्हणणे ऐकले जाईलच असे नाही, पण तिला म्हणण्यासारखे काहीतरी असते. फसवणूक झाली तर ती फसवणूक आहे हे तिला, मुन्शीला आणि गावाला, तिघांनाही माहीत असते. दराविषयीची चळवळ उभी राहू शकली ती ह्या सामाईक ज्ञानावर, असे म्हणण्यास जागा आहे.

मातीकामाचा इतिहास ह्याहून गुंतागुंतीचा आहे. पूर्व विदर्भातील तलाव ही मातीकामाचीच निर्मिती होय. चांद्याच्या गोंड राजांनी, जो तलाव बांधील त्यास त्या तलावाने भिजेल तेवढी जमीन दिली, अशी परंपरा सांगतात. त्या तलावांच्या पाळींवर कोणी किती माती टाकली आणि त्यास काय मिळाले, ह्याची नोंद परंपरेने ठेवलेली नाही. पुढील काळात जमीनदाऱ्यांतून व मालगुजारांच्या गावांतून श्रम पुष्कळदा वेठीनेच घेतले जात. वेठीला माप नसते. म्हणून तेथे मापाविषयीची तक्रारही संभवत नाही. माप हे मजुराच्या दृष्टीने बंधन आहे खरे, पण ते मिळणे हा त्याच्या इतिहासातील एक विजयही आहे, हे विसरता कामा नये.

हा विजय महाराष्ट्रात कायद्याच्या रूपाने आला तो रोजगार हमीच्या योजनेने. वि. स. पागे ह्यांच्या प्रेरणेने सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६५ मध्ये झालेला प्रयोग, १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यभर योजनेचा आरंभ, १९७७ चा रोजगार हमी अधिनियम आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी, हा क्रम सर्वांस परिचित आहे. ह्या योजनेने स्त्री व पुरुष ह्यांस एकच दर लागू केला, पण तो रोजाचा नव्हे, तर कामाच्या मापाचा. सर्वसाधारण माणसाने सात तास नेटाने काम केले तर त्यास शेतमजुरीच्या किमान दराइतकी मजुरी पडावी, अशा बेताने दर ठरविले जात. मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम ह्यांचे दर वेगळे. माती किती अंतरावर नेऊन टाकली आणि किती उंच चढविली ह्याचे हिशेब वेगळे. कोठल्याही मजुरास हा दरपत्रकाचा ग्रंथ मुखोद्गत नव्हता. तरीही खड्डा त्याच्या डोळ्यांसमोर होता. लांबी, रुंदी व खोली त्यास फुटपट्टीवाचूनही पावलांनी व हातांनी कळत असे. शिवाय खणताना मध्ये मातीचा एक खुंट न खणता राखून ठेवण्याची पद्धत होती. मूळ जमीन किती उंचीवर होती हे तो खुंट सांगे. अभियंता मोजमाप पुस्तिका घेऊन आला की खोली त्याच्यावरून घेतली जाई. खुंट हा दोन्ही पक्षांचा साक्षीदार होता. ‘कठीण मुरूम लागला आणि तुम्ही मऊ माती लिहिली’ असे भांडण कामावर होऊ शकत असे, कारण ज्याविषयी भांडावयाचे तो मुरूम तेथेच पडलेला असे.

ह्या पद्धतीचा काळा भागही सांगितला पाहिजे. काम टोळीने होई, मोजमाप टोळीचे घेतले जाई आणि आलेली रक्कम हजेरीपटावरील नावांनुसार वाटली जाई. म्हणून खोटे नाव घालण्याचा मोह मुकादमापासून वरपर्यंत सर्वांस होता. ‘बोगस मस्टर’ हा शब्द १९७० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या राजकीय शब्दसंग्रहात कायमचा जाऊन बसला. खोट्या नावाचा तोटा केवळ सरकारी तिजोरीस होतो असे मानण्याचा प्रघात आहे; परंतु वाटणी एकाच रकमेची असल्यास खोटे नाव खऱ्या मजुराच्या वाट्यातून घेते. यास्तव हजेरीवर कडक देखरेख असावी ही केवळ अधिकाऱ्यांची मागणी नव्हती; हजेरीपट उघडा ठेवावा, तो मोठ्याने वाचून दाखवावा, ही मजुरांच्या संघटनांचीही मागणी होती. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली ती ह्याच भूमिकेतून. हा कायदा फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील ज्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांस लागू झाला त्यांत चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही होते.

छायाचित्राची हजेरी आली ती ह्या खोट्या नावांचा बंदोबस्त करण्यासाठी. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने त्यासाठी भ्रमणध्वनीवरील प्रणाली सुरू केली. मे २०२२ पासून वीस वा अधिक मजुरांच्या कामांवर आणि १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, सर्व कामांवर ती सक्तीची झाली. दिवसातून दोनदा, एकदा सकाळी व एकदा दुपारनंतर, कामाच्या जागेवरच मजुरांचे छायाचित्र काढावयाचे. त्यावर वेळ आणि अक्षांश-रेखांश आपोआप उमटावयाचे. आणि ते मध्यवर्ती प्रणालीत चढवावयाचे. पुढे मजुरीचा हिशेब ह्या नोंदीवर बेतला गेला. कागदावर सही वा अंगठा असला तरी तो अखेरचा पुरावा राहिला नाही. सुटे नियम पाहिले तर त्यांत पक्षपात कोठेच नाही. प्रणाली कोणाची जात विचारीत नाही, ओळखीपाळखी जाणत नाही, मुकादमाच्या भावकीला झुकते माप देत नाही.

मग तक्रार कशाची? फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतर येथे निरनिराळ्या राज्यांतील मजुरांनी शंभर दिवसांचे धरणे आरंभिले, त्यातील प्रमुख मागण्यांत ही हजेरी रद्द करावी ही एक होती. तेथे मांडलेल्या तक्रारी गोंडपिपरीसारख्या जंगललगतच्या तालुक्यास लावून पाहिल्या म्हणजे त्यांचे स्वरूप स्पष्ट होते. जाळे नसलेल्या ठिकाणी छायाचित्र चढत नाही, ही पहिली व ढोबळ तक्रार. तिच्याहून खोल तक्रार कामाच्या वेळेची आहे. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. ह्या भागात उन्हाळ्यातील मातीकाम भल्या सकाळी सुरू करून ऊन तापण्याच्या आत आटोपणे हाच शहाणपणा आहे, आणि मापाच्या मजुरीत तो बसतोही; कारण जो खड्डा खणेल त्यास खड्ड्याची मजुरी, मग तो किती वाजता खणला ह्याला महत्त्व नाही. दुपारच्या छायाचित्राने ह्या व्यवहाराची घडी मोडली. खड्डा अकरा वाजता पुरा झाला तरी छायाचित्रासाठी थांबणे वा पुन्हा येणे प्राप्त झाले. जंगलाच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेवर वाघाचे भय असता ही दुसरी खेप थोडीथोडकी नव्हे.

दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, मजुरी मापाने आणि बांधिलकी घड्याळाने, अशी दुहेरी व्यवस्था निर्माण झाली. ई. पी. टॉम्सन ह्या इंग्रज इतिहासकाराने १९६७ मध्ये, कामाच्या गरजेनुसार चालणारा श्रम आणि घड्याळानुसार चालणारा श्रम ह्यांतील भेद दाखवून, औद्योगिक क्रांतीने पहिल्याची जागा दुसऱ्यास कशी दिली हे विशद केले. टॉम्सनच्या गिरणीमजुरास घड्याळाच्या मोबदल्यात निदान वेळेची मजुरी मिळे. येथे दोन्हींतील बंधने एकत्र आली आणि दोन्हींतील सवलती गेल्या. कमी खणले तर माप कमी भरते; पुरे खणले पण छायाचित्रात नसले तर हजेरीच पडत नाही. मराठीत कामगाराच्या चुकलेल्या दिवसास ‘खाडा’ म्हणतात. खाडा हा आजवर न केलेल्या कामाचा होता. केलेल्या कामाचा खाडा ही नवी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी भाषेत अद्याप शब्द नाही.

न्याय्यतेच्या भावनेविषयी मानसशास्त्रात जे काम झाले आहे त्याच्याशी हे ताडून पाहणे उपयुक्त ठरेल. थिबो व वॉकर ह्यांनी १९७५ मध्ये असे दाखविले की, निकाल विरुद्ध गेला तरी आपली बाजू मांडावयास मिळाली असेल तर माणसास ती प्रक्रिया न्याय्य वाटते. लेव्हेंथॉल ह्यांनी १९८० मध्ये न्याय्य प्रक्रियेच्या ज्या कसोट्या मांडल्या त्यांत एकसारखेपणा व निःपक्षपात ह्यांच्या जोडीला, निर्णय दुरुस्त होण्याची सोय ही एक कसोटी होती. छायाचित्राची हजेरी पहिल्या दोन कसोट्यांस पुष्कळ अंशी उतरते आणि तिसरीस उतरत नाही. अपवादात्मक परिस्थितीत हजेरी चढली नाही तर ती हाताने नोंदविण्यास मान्यता देण्याचा अधिकार जिल्हा कार्यक्रम समन्वयकास, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यास, ठेवण्यात आला. दाद आहे, पण ती गोंडपिपरीच्या बांधावरून चंद्रपूरला गेली. एका दिवसाच्या मजुरीसाठी, जी महाराष्ट्रात २०२३-२४ मध्ये २७३ रुपये आणि २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती, तेथवर कोण जाणार?

ली ह्यांच्या २०१८ च्या अभ्यासाचा निष्कर्ष येथे थोडा तपासून घ्यावा लागतो. कामाची वाटणी, वेळापत्रक अशा यांत्रिक स्वरूपाच्या निर्णयांत लोकांस यंत्राचा व माणसाचा निर्णय सारखाच न्याय्य वाटतो. नेमणूक वा कामाचे मूल्यमापन अशा, माणसाच्या पारखीची गरज असलेल्या निर्णयांत मात्र यंत्राचा निर्णय कमी न्याय्य वाटतो, असे त्यांस आढळले. त्या न्यायाने हजेरी हे निव्वळ यांत्रिक काम ठरावयास हवे. माणूस आला की नाही, एवढाच प्रश्न. मातीकामावर तो एवढाच राहत नाही. तान्ह्या मुलास पाजण्यासाठी झाडाखाली गेलेली बाई ऐन छायाचित्राच्या क्षणी चौकटीबाहेर असते. पाणी आणावयास गेलेला माणूस नसतो. पाय मुरगळून बसलेली म्हातारी असते. मुकादम ह्या तिन्ही गोष्टी जाणतो आणि पुष्कळदा मनात आणील तर त्यांचा गैरफायदाही घेतो. परंतु त्याच्याशी बोलता येते. हजेरीत पारखीचा अंश किती मोठा होता, हे ती माणसाच्या हातून गेल्यावर कळले, असे म्हणावे लागते. (‘हजेरी घेणे’ ह्या वाक्प्रचाराला मराठीत खरडपट्टी काढणे असाही अर्थ आहे, ही गोष्ट ह्या संदर्भात अगदीच अप्रस्तुत नाही.)

तथापि केवळ बोलता येणे हे पुरेसे स्पष्टीकरण नव्हे. फळीवरच्या बाईस आपला आकडा ठाऊक होता. खणणाऱ्यास आपला खड्डा व त्यातील खुंट दिसत होता. रोजाने जाणाऱ्यास दिवस ठाऊक होता. ह्या तिन्ही मापांत मालकाच्या नोंदीच्या जोडीस मजुराची स्वतःची एक मोजणी होती, आणि दोन मोजण्या जुळल्या नाहीत की हुज्जत, तीही अरबी अर्थाची, सुरू होई. छायाचित्राच्या हजेरीत मजुराची मोजणीच उरली नाही. छायाचित्र चढले की नाही, चढले तर मान्य झाले की नाही, हे त्यास त्या वेळी कळत नाही. मजुरी कमी आली वा आलीच नाही म्हणजे बऱ्याच दिवसांनी उमजते. त्यातच १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारसंलग्न खात्यातच देण्याचा नियम झाला, तेव्हा चूक हजेरीत झाली, मापात झाली की खात्यात, हा उलगडा स्वतः मजुराला तर सोडाच, ग्रामरोजगार सेवकालाही होणे कठीण झाले. अन्याय झाल्याची भावना आणि अन्याय कोठे झाला ह्याचे अज्ञान ही दोन्ही एकत्र आली म्हणजे तक्रारीला कर्ताच सापडत नाही. मजुरांच्या नित्याच्या बोलण्यात अशी वाक्ये कर्त्यावाचून येतात, ‘पैसे पडले नाहीत’, ‘मस्टर निघाले नाही’. पैसे कोणी पाडावयाचे व मस्टर कोणी काढावयाचे, हे व्याकरणालाही सांगता येत नाही.

हाच प्रश्न भाषेच्या अंगाने अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत पुढे आला होता. मार्च २०२१ मध्ये सुरू झालेल्या पोषण ट्रॅकर ह्या प्रणालीत नोंदी इंग्रजीतून कराव्या लागत, आणि शासनाने दिलेले भ्रमणध्वनी त्या कामास अपुरे पडत. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी आपले भ्रमणध्वनी शासनास परत केले. ह्या सेविका शिकलेल्या होत्या, नोंदवह्या वर्षानुवर्षे मराठीत ठेवीत होत्या. स्वतःच केलेल्या नोंदीची भाषा परकी झाल्यामुळे आपलेच काम आपणास वाचता येऊ नये, ही त्यांच्या तक्रारीची खोच होती. त्यांच्याजवळ निदान परत करण्यासारखे यंत्र होते. मातीकामावरील मजुराजवळ तेही नाही.

ह्या प्रणालीने जे साधावयाचे ते तरी साधले काय? ८ जुलै २०२५ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांस पाठविलेल्या परिपत्रकात गैरवापराचे प्रकार मोजून दाखविले आहेत: कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, छायाचित्रावरून काढलेले छायाचित्र, प्रत्यक्ष व नोंदीतील संख्येत तफावत, सकाळच्या व दुपारच्या चेहऱ्यांत फरक, इत्यादी. म्हणजे बोगस मस्टर छायाचित्रातही जाऊन बसले. ह्यावर उपाय म्हणून ग्रामपंचायतीच्या पातळीवर सर्वच्या सर्व छायाचित्रे माणसांनी तपासावीत, असे ठरविण्यात आले. माणसाची नजर अशा रीतीने परत आली. मात्र ती कामाच्या जागेवर न येता कचेरीत आली, आणि तिच्यासमोर मजूर नव्हता, त्याचे चित्र होते. त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या रोजगाराची हमी देणारा नवा कायदा संमत केला. जैवमापनाने ओळख पटविणे, भ्रमणध्वनीद्वारा देखरेख आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर ह्या गोष्टी त्यात कायद्याच्याच अंगभूत झाल्या आहेत. पूर्वी त्या परिपत्रकांनी आल्या होत्या.

वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात ह्याच काळात एक वेगळा क्रम घडत होता. पेसा व वनहक्क ह्या कायद्यांच्या आधारे २०१३ च्या सुमारापासून अनेक ग्रामसभांनी तेंदूचा व्यवहार आपल्या हाती घेतला. अशा गावांत मोजणीची जबाबदारी गावानेच नेमलेल्या माणसाकडे येते. पुडा सत्तर पानांचाच राहिला आहे. संध्याकाळी ओळी मांडल्या जातात, आकडा मोठ्याने सांगितला जातो आणि कार्डावर चढतो. एखादीचा आकडा जुळला नाही तर ओळ पुन्हा मोजतात.